उझीला नो एन्ट्री!

दौंड-शिरूर म्हटलं की आपल्याला ऊसच आठवतो ना? मी मात्र दौंडकडच्या एका रेशीम शेडमध्ये शिरले. आत अळ्या तुतीचा पाला खात होत्या. आवाज थेट पावसाच्या सरीचा! दारं-खिडक्यांना बारीक जाळी. कारण उझी माशी. १९८० मध्ये ही बया बंगालमधून कर्नाटकात आली. ती रेशीम अळीवर अंडं चिकटवते. दोनेक दिवसांत तिचं पिल्लू आत घुसतं, बाहेर उरतो काळा डाग. अळीनं कोष विणलाच, तर पिल्लू तो फोडून बाहेर. कोषात हजारएक मीटर सलग धागा असतो. भोक पडलं की तो तुटला. महिनाभराची मेहनत मातीमोल! उताराही भन्नाट. नेसोलिंक्स हा गांधीलमाशीचा चिमुकला नातलग शेडमध्ये मुद्दाम सोडतात. तो उझीच्याच कोशात अंडी घालतो.