‘घरीच तर असतेस ना!’

ऑक्टोबर 2018 मध्ये झाशीच्या कोतवालीतला एक फोटो देशभर फिरला. पोलीस शिपाई आई लिहितेय आणि समोर टेबलावरच तिची सहा महिन्यांची मुलगी झोपलीय. झाशी म्हटल्यावर लोकांना राणी आठवणारच. उपमा देऊन सगळे मोकळे झाले. सरकारी प्रसूती रजा 180 दिवसांची, म्हणजे साधारण त्याच वयाला संपणारी, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पोलीस महासंचालकांनी दखल घेतली आणि तिची बदली घराजवळ, आग्र्याला झाली. सगळ्यांच्या नशिबी असा फोटो नसतो. मग नोकरी सोडून फ्रीलान्सिंगचा विचार सुरू होतो आणि त्यासोबत गैरसमजही.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा: घरून काम म्हणजे पाळणाघराचे पैसे वाचले. बाळ झोपतं तेवढ्या वेळात दोन मेल होतात, भाषांतराची पानं होत नाहीत. क्लायंटचा कॉल, कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल एकाच मिनिटाला येतात, आणि बाळ त्याच मिनिटाला उठतं. दिवसाचे निदान तीन-चार तास मूल दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात हवंच. आजी, सांभाळणाऱ्या ताई किंवा बाबा. (बाबा या यादीत नेहमी शेवटी का येतो, कोण जाणे.) मे महिन्यात झाशीचा पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा भर दुपारी मुलाला कुठे पोचवणं नकोच वाटतं. तिथे पहाटेचे तास कामाला बरे. सांभाळण्याचा खर्च आपल्या दरात धरायचा.

दुसरा गैरसमज रजेचा. प्रसूती रजेच्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने आलेली 26 आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी, तीही नोकरदार बाईला. आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं हवं. फ्रीलान्सरला ती मिळत नाही. म्हणून आधी रजा, मग राजीनामा. शिवाय कामाचं स्वरूप तसं असेल, तर रजेनंतर आपसांत ठरवून घरून काम करण्याची सोय त्याच कायद्यात आहे. राजीनाम्याआधी ती मागून तरी बघा.

पैशांचे गैरसमज पटकन उरकू. दुसऱ्या राज्यातला क्लायंट आला की लगेच जीएसटी नोंदणी? सेवांसाठी वर्षाला 20 लाखांपर्यंत सहसा नाही. टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला? नाही, रिटर्न भरायचंच. जास्तीचा कापला असेल तर परतही मिळतो.

आणि ‘पैसे अडकले तर आपण काय करणार?’ उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद असेल, तर लेखी करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर 15. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. काम घेण्याआधीच नोंदणी करा आणि तो क्रमांक प्रत्येक बिलावर टाका.