गोळीतले नऊशे नव्याण्णव भाग

"ती कंपनी सध्या शॉर्ट आहे, ही घेऊन जा. कंटेंट सेमच आहे." थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बहुतेकांनी हे केमिस्टच्या काउंटरवर कधी ना कधी ऐकलेलं असतं. केमिस्ट खोटं बोलत नसतो. दोन्ही बाटल्यांवर थायरॉक्सिन सोडियमच छापलेलं असतं, ताकदही तीच असते. पण या गोळीत कंटेंट असतो तरी किती? १०० मायक्रोग्रॅमची गोळी वजनाला साधारण १०० मिलिग्रॅम भरते. म्हणजे हजार भागांतला एक भाग औषध आणि उरलेले नऊशे नव्याण्णव भाग दुसरंच काहीतरी.

हे दुसरं काहीतरी लागतंच. शंभर मायक्रोग्रॅमची भुकटी चिमटीत धरता येणार नाही, की तिची गोळीही वळता येणार नाही. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या आणि खपाऊ 'सिंथ्रॉइड'च्या माहितीपत्रकात हे घटक दिलेले आहेत: दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, पिठीसाखर, डिंक, शंखजिरे, पोविडोन आणि मॅग्नेशियम स्टिअरेट. अर्धी यादी डिंकाच्या लाडवाची वाटावी अशी आहे. साखरा गोळीला आकारमान देतात, डिंक आणि पोविडोन ती बांधून ठेवतात, शंखजिरे आणि स्टिअरेटमुळे गोळी यंत्राच्या साच्याला चिकटत नाही. शिवाय प्रत्येक ताकदीला वेगळा रंग असतो: २५ नारिंगी, १०० पिवळी, १५० निळी. ५० ची तेवढी पांढरी, कारण तिच्यात रंगच नसतो. म्हणूनच रंगाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला तिथले डॉक्टर १०० ची एक गोळी देण्याऐवजी ५० च्या दोन देतात.

हे भरणद्रव्य निमूट पडून राहणारं असतं, तर हा लेख लिहायची गरज नव्हती. थायरॉक्सिन मुळात नाजूक आहे. उष्णता, उजेड आणि दमट हवा या तिन्हींनी त्याची ताकद उतरते. लॅक्टोजसारख्या साखरेबरोबर त्याची सावकाश रासायनिक क्रियाही होऊ शकते. गोळी पोटात किती लवकर विरघळेल आणि बाटलीत किती महिने तग धरेल, या दोन्ही गोष्टी भरणद्रव्यावर अवलंबून असतात. दुसरीकडे मात्रेचा हिशेब फार काटेकोर. ८८, १००, ११२ अशा ताकदींच्या गोळ्या निघतात त्या हौसेखातर नव्हे. दहा-बारा टक्क्यांचा फरकही काहींच्या टीएसएचमध्ये, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीत, दिसतो. मात्रा जास्त झाली तर धडधड आणि हाडांची झीज, कमी पडली तर पुन्हा थकवा, वजनवाढ आणि बद्धकोष्ठता.

मग नामांकित कंपनीची गोळी चांगली आणि जेनेरिक कच्ची, असं म्हणायचं का? या प्रश्नाचा इतिहास अमेरिकेत घडला आणि तो नामांकितांना फारसा शोभणारा नाही. सिंथ्रॉइड १९५५ मध्ये बाजारात आली. तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, एफडीएची, रीतसर मंजुरी मिळाली २००२ मध्ये. तोवरची सत्तेचाळीस वर्षं ती आणि तिच्यासारख्या इतर गोळ्या जुन्या वहिवाटीवर विकल्या जात होत्या. १९९७ मध्ये एफडीएने सगळ्यांनाच नव्याने अर्ज करायला लावलं. कारणही दिलं: नव्वदच्या दशकात या गोळ्यांचे किमान दहा रिकॉल झाले होते, दहा कोटींहून अधिक गोळ्या परत मागवाव्या लागल्या होत्या आणि बहुतेक वेळा दोष एकच, मुदत संपण्याआधीच ताकद उतरलेली. कंपन्या अधूनमधून घटक बदलत आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसे.

याच काळातली बेटी डाँग यांची हकीकत औषधांच्या व्यवहाराबद्दल कुतूहल असणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. डाँग सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात औषधशास्त्राच्या तज्ज्ञ. सिंथ्रॉइड बनवणाऱ्या फ्लिंट कंपनीने १९८७ मध्ये त्यांना अडीच लाख डॉलर देऊन अभ्यास करायला सांगितलं. आपली गोळी इतरांपेक्षा सरस ठरेल ही कंपनीची अपेक्षा. डाँग यांनी बावीस स्त्रियांवर चार गोळ्या आलटून पालटून तपासल्या: सिंथ्रॉइड, आणखी एक नामांकित गोळी आणि दोन जेनेरिक. १९९० च्या अखेरीस निष्कर्ष हाती आला. चारही गोळ्या एकमेकींच्या जागी चालतील, आणि स्वस्त गोळ्या वापरल्या तर अमेरिकेची वर्षाला ३५ कोटी डॉलरहून अधिक बचत होईल. तोवर सिंथ्रॉइडची मालकी बूट्स कंपनीकडे गेली होती. आमच्या लेखी परवानगीशिवाय काही छापायचं नाही, असं एक कलम करारात होतं. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने लेख स्वीकारला होता, तो या कलमामुळे जानेवारी १९९५ मध्ये ऐन छपाईच्या तोंडावर मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि एप्रिल १९९७ मध्ये लेख अखेर छापला गेला. निष्कर्ष हाती आल्यापासून सहा वर्षांहून अधिक काळाने.

तरीही प्रश्न मिटला नाही, आणि त्याचा दोष नुसता कंपन्यांवर ढकलता येत नाही. २००४ मध्ये एफडीएने जेनेरिक थायरॉक्सिनला 'बदलून चालेल' असा शिक्का दिला, तेव्हा अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या तीन मोठ्या संघटनांनी एकत्र हरकत घेतली. त्यांचा मुद्दा चाचणीच्या पद्धतीवर होता. दोन गोळ्या सारख्या आहेत का हे पाहायला निरोगी माणसाला एकदम ६०० मायक्रोग्रॅमचा डोस देतात आणि पुढचे दोन दिवस रक्तातली पातळी मोजतात. पण निरोगी माणसाच्या रक्तात स्वतःचं थायरॉक्सिन आधीपासून असतंच. ते वजा केलं नाही तर वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्याही सारख्याच दिसतात. एफडीएने ही वजाबाकी पुढे सक्तीची केली. २००७ मध्ये आणखी एक नियम घट्ट केला. पूर्वी मुदतीअखेर गोळीची ताकद ९० टक्क्यांवर आली तरी चालत असे, आता ती ९५ ते १०५ टक्क्यांतच राहिली पाहिजे, गोळी नामांकित असो वा जेनेरिक. माझ्या मते ब्रँड आणि जेनेरिकच्या भांडणातून निघालेला सर्वांत मोठा फायदा हाच. त्यानंतरच्या आकड्यांमध्ये फरक जवळपास दिसेनासा होतो. २०२२ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर गेलेल्या आणि न गेलेल्या रुग्णांच्या टीएसएचमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. अपवाद आहे तो जन्मतः थायरॉइड काम न करणाऱ्या मुलांचा. बोस्टनच्या मुलांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात अशा मुलांमध्ये ब्रँड आणि जेनेरिक यांच्या परिणामात फरक दिसला होता.

पण सगळ्यात मोठं वादळ उठलं ते कंपनीही न बदलता. फ्रान्समध्ये जवळजवळ तीस लाख लोक मर्क कंपनीची 'लेव्होथायरॉक्स' घेत होते. गोळीची ताकद मुदतभर स्थिर राहावी म्हणून तिथल्या औषध संस्थेने कंपनीला घटक सुधारायला सांगितलं. मार्च २०१७ मध्ये लॅक्टोज जाऊन मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड आलं. हेतू चांगलाच होता. डॉक्टर आणि फार्मासिस्टना पत्रं गेली, रुग्णांना मात्र खोक्याचा रंग बदलल्याचं दिसलं, एवढंच. काही महिन्यांत थकवा, चक्कर, केस गळणं, स्नायूंत कळा अशा हजारो तक्रारी आल्या. अभिनेत्री ॲनी ड्युपेरे यांनी आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र लिहिलं, जुनी गोळी परत आणा या मागणीवर लाखो सह्या जमल्या. ऑक्टोबरमध्ये जुन्या घटकांची गोळी वेगळ्या नावाने परत आणावी लागली.

नवी गोळी वाईट होती का? वीस लाखांहून अधिक फ्रेंच रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर गंभीर आजार वाढल्याचं दिसलं नाही. पण टुलूझच्या संशोधकांनी कंपनीचीच २०४ जणांवरची चाचणी नव्याने मांडली आणि दाखवलं की सरासरी जुळत असली तरी निम्म्याहून अधिक व्यक्तींचे वैयक्तिक आकडे मान्य मर्यादेबाहेर होते. या संशोधकांच्या टीकाकारांनी उत्तर दिलं की एकाच माणसाला तीच गोळी दोनदा दिली तरी आकडे हलतातच. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. न्यायालयाने मात्र या वादात न शिरता वेगळीच गोष्ट पकडली. २०२० मध्ये ल्याँच्या अपील न्यायालयाने तीन हजारांहून अधिक फिर्यादींना प्रत्येकी एक हजार युरो द्यायला लावले. ठपका गोळीवर नव्हता, बदल रुग्णाला नीट न सांगितल्याचा होता.

फ्रान्समधल्या बदलाआधी दहा वर्षं न्यूझीलंडमध्ये असंच झालं होतं. तिथे एल्ट्रॉक्सिनची पिवळी गोळी पांढरी झाली, आकार आणि चव बदलली, औषध तेच राहिलं. आधीच्या तीस वर्षांत या औषधाविरुद्ध चौदा तक्रारी होत्या, बदलानंतरच्या दीड वर्षात चौदाशेहून अधिक आल्या, आणि ज्या भागात टीव्हीवर बातम्या जास्त, तिथून तक्रारीही जास्त. तरीही हे सगळं मनाचे खेळ म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोज सकाळी पोटात जाणारी गोळी न सांगता बदलली, तर माणूस शंका घेणारच.

आपल्याकडे तर ब्रँड विरुद्ध जेनेरिक ही फोडच नीट बसत नाही. थायरॉक्सिन प्रयोगशाळेत १९२७ मध्येच तयार झालं, पेटंट आज कुणाचंच नाही. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही एकाच औषधाची वेगवेगळ्या कंपन्यांनी ठेवलेली नावं, म्हणजे सगळी ब्रँडेड जेनेरिकच. एका नामांकित कंपनीकडून दुसऱ्या नामांकित कंपनीकडे जाणं हा जेनेरिककडे जाण्याइतकाच बदल आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने किमतीलाही कमाल मर्यादा आहे, त्यामुळे कंपनी बदलून वाचणारे पैसे बेताचेच. आणि भरणद्रव्य कोणतं? अनेक बाटल्यांवर फक्त 'एक्सिपिअंट्स क्यू. एस.' असं लिहिलेलं असतं, म्हणजे 'लागेल तेवढं'. ग्राहकाला यातून काहीच कळत नाही.

काहींना मात्र ते कळायला हवं. ग्लुटेन न चालणारा सीलिॲक आजार आणि हाशिमोटोचा थायरॉइड विकार बऱ्याचदा एकत्र असतात, अशांनी गोळीतला स्टार्च गव्हाचा आहे का हे कंपनीला विचारावं. शाकाहारी, जैन मंडळींनी मॅग्नेशियम स्टिअरेटचा उगम विचारायला हरकत नाही, तो वनस्पतीचा असतो तसा प्राण्याचाही असू शकतो. दूध न पचणाऱ्यांनी मात्र फार घाबरू नये. पेलाभर दुधात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज असतं, अख्ख्या गोळीचं वजनच ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं.

खरं सांगायचं तर बहुतेकांच्या टीएसएचची घडी विस्कटते ती कंपनीमुळे नव्हे. गोळीमागोमाग चहा-बिस्किटं होतात, नाश्त्यानंतर लगेच कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेतली जाते, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाटली उघडी किंवा बाथरूमच्या कपाटात राहते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. बाटलीचं झाकण घट्ट लावावं आणि गोळ्या साप्ताहिक डबीत काढायच्याच असतील तर आठवड्यापुरत्याच काढाव्यात.

आणि कंपनी शक्यतो एकच ठेवा, मग ती कुठलीही असो, अगदी जनऔषधी केंद्रातली असली तरी. गरोदर स्त्रिया, थायरॉइडच्या कर्करोगातून बरे झालेले आणि जन्मतः हा विकार असलेली मुलं यांनी तर हा नियम मोडूच नये. बदल अटळ असेल तर तारीख लिहून ठेवा. थायरॉक्सिन रक्तातून अर्धं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी काही वाटलं तर त्यावरून निष्कर्ष काढू नका. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, आणि डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर गोळ्यांची बाटलीही न्या.