हॉटेलात जेवायला जाताना इन्सुलिन कधी घ्यावे?

रविवारी संध्याकाळी चाकणहून पुण्यात जेवायला जायचे ठरते. आजोबा घरीच इन्सुलिन घेऊन निघतात. मग तळेगाव चौकात वाहतूक कोंडी, हॉटेलबाहेर रांग, ऑर्डरला उशीर. जेवण येईपर्यंत दीड-दोन तास जातात. इन्सुलिनचे काम मात्र सुरू झालेले असते. पोटात अन्न नसल्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

काय काळजी घ्यावी?

• जेवणाआधीचे इन्सुलिन सोबत न्या आणि जेवण कधी मिळेल हे नक्की झाल्यावरच घ्या. काही इन्सुलिन जेवणाच्या लगेच आधी, तर काही साधारण 30 मिनिटे आधी घेतात. तुमचे कोणते, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.
• दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन नेहमीच्या वेळीच घ्या.
• ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी थांबू नका.
• रिकाम्या पोटी मद्य टाळा.

साखर कमी झाली तर?

घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली किंवा साखर 70 पेक्षा कमी आली, तर लगेच 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असल्यास पुन्हा द्या. अशा वेळी मस्तानी किंवा आइस्क्रीम नको. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. ‘डाएट’ शीतपेयात तर साखरच नसते.

रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 क्रमांकावर फोन करा.