राजापूरच्या वाटेवरचं ऊन पाणी

बेळगावहून आंबोली घाट उतरून, सावंतवाडी, कणकवली मागे टाकत राजापूरला जाणारी मंडळी बहुतेक करून गंगेसाठी जातात. पण गंगा काही बारमाही नाही. ती प्रकटली की बातमी होते, लोक गाड्या काढतात आणि कधी कधी पोहोचेपर्यंत ती गेलेलीसुद्धा असते. त्याच उन्हाळे गावात अर्जुना नदीजवळ गरम पाण्याचा झरा मात्र वर्षभर वाहतो. गंगा चुकली तरी इथली आंघोळ चुकत नाही.

गावाच्या नावाचा उन्हाळा ऋतूशी संबंध नाही. आपण ‘ऊन-ऊन भात’ म्हणतो, तेच हे ‘ऊन’. दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे ही नावंही त्यातलीच. संगमेश्वर तालुक्यातलं तुरळ, राजवाडी आणि पार वर तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी झऱ्यांची ही रांगच सह्याद्रीच्या पायथ्याने गेली आहे. उन्हवऱ्याचं पाणी सुमारे 70 अंशांचं, म्हणजे थेट अंगावर घेण्यासारखं नव्हेच. उन्हाळ्याचं त्या मानानं सोसवणारं.

खाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी तापतं, असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच थंड झाला. झऱ्याचं पाणी म्हणजे मुळात पावसाचंच पाणी. ते खडकातल्या भेगांमधून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते. तिथे तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून निवायच्या आत वर आलं, की झाला झरा! वाटेत खडकातले क्षार विरघळतात, कुठे गंधकाचा वासही येतो.

या पाण्याने त्वचारोग बरे होतात, ही समजूत जुनी आहे. कोमट-गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरं. पण खरूज किंवा उघडी जखम घेऊन सगळ्यांच्या कुंडात उतरणं म्हणजे दुसऱ्याला प्रसाद देणं! रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. धडधाकट माणसालाही दहा-पंधरा मिनिटं पुरेत, जास्त वेळ बसलं की गरगरतं.

आणि साबण, शाम्पू घरीच ठेवा. कपडे धुवायला नदी आहे असंही म्हणू नका, कारण कुंडातलं पाणी शेवटी अर्जुनेतच जातं.