नाव बदललेलं नाही, नक्कल चुकली आहे

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला दुपारच्या वेळी घरी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद त्यांनी टेबलावर ठेवले. एक जुना, हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याची नक्कल. दुसरा नवा, संगणकावर काढलेला.

“टीचर, माझ्या आईचं नाव वाच गो.”

जुन्या कागदावर निळ्या शाईत ‘खदीजा’ लिहिलेलं होतं. नव्या कागदावर स्वच्छ छापील अक्षरांत होतं, ‘रवदीजा’.

पहिल्या क्षणी मला हसू आलं. पण खाला हसत नव्हत्या. आईच्या इंतकालनंतर वारसांची नोंद करायची होती. त्यांच्या आईला स्वतःच्या वडिलांच्या मिळकतीत शरीअतप्रमाणे जो हिस्सा मिळाला होता, तो हा जमिनीचा तुकडा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘खदीजा’, सातबाऱ्यावर ‘रवदीजा’. कागदाच्या हिशेबानं मेलेली बाई एक आणि जमिनीची मालकीण दुसरी.

चूक कशी झाली हे शाळेत शिकवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. जुन्या वळणाच्या ‘ख’मध्ये ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी उभे असत. पुढे प्रमाण लिपीत ‘र’ची शेपटी खालून ‘व’ला जोडण्याची पद्धत आली, ती याच घोटाळ्यासाठी. जुनी नोंद करणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. ती पाहून संगणकात भरणाऱ्यानं ‘ख’ला ‘रव’ वाचलं. त्यालाही दोष किती द्यायचा? शेकडो पानं समोर असताना एखाद्या नावावर थांबून ‘असं नाव असतं का?’ असं विचारायला ते नाव ओळखीचं असावं लागतं.

इंग्रजीत काय लिहायचं?

खालांचा मुलगा कुवेतला आहे. त्याला तिथल्या भारतीय दूतावासात सही करून मुखत्यारपत्र पाठवायचं होतं. त्याचा मसुदा इंग्रजीत हवा होता. कुणीतरी तयार करून दिलेल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘चेंज ऑफ नेम’. म्हणजे नावात बदल. खालांना शंका आली म्हणून त्या माझ्याकडे आल्या. “माझ्या आयशीनं नाव कधी बदललंच नाय,” त्या म्हणाल्या.

त्यांची शंका अगदी रास्त होती. नावात बदल म्हटलं की अर्थ असा होतो की आधी रवदीजा नावाची बाई होती आणि नंतर तिनं खदीजा हे नाव घेतलं. नाव बदललं की राजपत्रात जाहीर करावं लागतं. कबरीत निजलेली बाई राजपत्रात जाहिरात कशी देणार?

दुसरा सल्ला मिळाला, ‘रवदीजा उर्फ खदीजा’ लिहा आणि मोकळे व्हा. हा मार्ग सोपा वाटतो आणि पुष्कळ लोक तो धरतात. पण ‘उर्फ’ म्हणजे दोन्ही नावं खरी. जे नाव त्या माउलीला आयुष्यात कुणी हाक मारून घेतलं नाही, ते कायमचं तिचं होऊन बसतं. पुढच्या पिढीच्या प्रत्येक कागदावर मग ‘उर्फ’ची शेपटी येते.

मग शब्द कोणता? त्या दिवशी आम्ही दोघी शब्दकोश घेऊन बसलो. ‘मिस्टेक’ म्हटलं तर ती कुणाचीही असू शकते. माहिती देणाऱ्यानंच चुकीचं नाव सांगितलं, असाही त्याचा अर्थ निघतो. ‘स्पेलिंग मिस्टेक’ म्हणजे लिहिणाऱ्याला शब्दाची घडण ठाऊक नव्हती. ‘टायपो’ म्हणजे बोट चुकून दुसऱ्या बटणावर पडलं. इथे बोट बरोबर पडलं होतं, चुकली होती नजर. ‘स्लिप ऑफ द पेन’ म्हणजे मनात एक आणि कलमातून उतरलं दुसरं, ज्याला उर्दूत आपण ‘सह्वे कलम’ म्हणतो. तेही इथे बसत नाही. ‘स्क्रायबल एरर’ हा शब्द अर्थानं सगळ्यात जवळचा, एकावरून दुसरं उतरवून काढताना नकलनवीसाकडून झालेली चूक. पण तो हस्तलिखितं अभ्यासणाऱ्या पंडितांच्या वापरातला. सरकारी टेबलावर तो शब्द कुणी ओळखणार नाही.

कायद्याच्या भाषेत जो शब्द चालतो, तो आहे ‘क्लेरिकल एरर’. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १५२ मध्ये ‘क्लेरिकल मिस्टेक’ असा शब्दप्रयोग आहे. न्यायालयाच्या निकालात किंवा आदेशात लिहिण्याची वा हिशेबाची चूक राहिली तर ती केव्हाही दुरुस्त करता येते, असं ते कलम सांगतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये ‘क्लेरिकल एरर’ हाच शब्द आहे आणि मराठीत त्याला ‘लेखनप्रमाद’ म्हणतात. हक्कनोंदणीतले लेखनप्रमाद आणि संबंधित पक्षांना मान्य असलेल्या चुका या कलमाखाली दुरुस्त होतात.

या ‘क्लेरिकल’ शब्दाची कहाणीही गमतीची आहे. मध्ययुगातल्या युरोपात लिहिता-वाचता येणारा वर्ग बहुतेक पाद्र्यांचा, म्हणजे क्लर्जीचा. लिहिण्याचं काम तेच करत, म्हणून लिहिणारा तो ‘क्लार्क’ आणि त्याची चूक ती ‘क्लेरिकल’. आपल्याकडे ‘कारकून’ फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ फक्त ‘काम करणारा’. आणि ‘कातिब’ अरबीतून, म्हणजे लिहिणारा.

शेवटी मसुद्यात आम्ही लिहिलं की संबंधित नोंदीत हस्तलिखितावरून उतरवून घेताना क्लेरिकल एरर झाली आहे. मूळ हस्तलिखित नोंदीत नाव ‘खदीजा’ असून तिची नक्कल सोबत जोडली आहे. नाव कधीही बदललेलं नाही. तीन वाक्यं. पण या तीन वाक्यांनी जबाबदारी मेलेल्या बाईवरून उचलून जिथली तिथे ठेवली.

हदीसच्या अभ्यासकांनी दिलेलं नाव

नकलेच्या चुकांना नेमकं नाव देण्याची गरज आपल्या बुजुर्गांना हजार वर्षांपूर्वीच वाटली होती. अरबी लिपीत एका नुक्त्यानं अर्थ पालटतो, आणि सुरुवातीच्या काळात नुक्ते फार कमी दिले जात. उर्दू शिकणाऱ्या मुलांना मी फळ्यावर ‘खुदा’ आणि ‘जुदा’ शेजारी लिहून दाखवते. फरक काय तो नुक्त्याच्या जागेचा. ‘महरम’ आणि ‘मुजरिम’ यांच्यातही एकाच नुक्त्याचं अंतर.

लिहिलेलं चुकीचं वाचल्यानं होणाऱ्या या दोषाला हदीसच्या शास्त्रात ‘तसहीफ’ म्हणतात. इमाम इब्ने सलाह, ज्यांचा इंतकाल हिजरी ६४३ म्हणजे इ. स. १२४५ मध्ये झाला, त्यांनी हदीसशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. त्यातलं एक उदाहरण असं. रसूलुल्लाह (स.) यांनी मस्जिदमध्ये चटईचा आडोसा करून हुजऱ्यासारखी जागा केली, यासाठी मूळ शब्द ‘इहतजर’ असा आहे. एका रावीनं तो ‘इहतजम’ असा सांगितला. झालं, अर्थ निघाला की आपण (स.) मस्जिदमध्ये हिजामा करवून घेतला! आलिमांनी कारणही शोधून काढलं. या रावीनं ती हदीस उस्तादच्या तोंडून ऐकली नव्हती, नुसती लिखाणावरून घेतली होती.

दुसरं उदाहरण तर घराघरातलं आहे. रमजाननंतर शव्वालचे सहा रोजे आपण ठेवतो. ‘सहा’साठी अरबी शब्द ‘सित्तन’. एका नामवंत साहित्यिकानं तो ‘शैअन’ असा वाचला, म्हणजे ‘थोडेसे काही’. दाते तेच, नुक्ते वेगळे. ही चूक तशीच पुढे गेली असती, तर सहा रोज्यांचे ‘काही’ रोजे झाले असते.

म्हणून आपल्या परंपरेत नक्कल उतरवून झाली की काम संपलं, असं कधी मानलं गेलं नाही. त्यानंतर ‘मुकाबला’ करावा लागे, म्हणजे नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहणं. हजरत उर्वा बिन जुबैर यांच्याबद्दल सांगतात की त्यांनी मुलाला विचारलं, लिहून घेतलंस का? तो हो म्हणाला. मग विचारलं, ताडून पाहिलंस का? तो नाही म्हणाला. त्यावर त्यांनी सांगितलं की मग तू लिहिलंच नाहीस.

कुरआनच्या बाबतीत तर ही काळजी पराकोटीची. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी लिखाणाला हाफिजांच्या स्मरणाची जोड देऊन संकलन केलं. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडची तीच प्रत मागवून तिच्यावरून नकला करवल्या. मूळ जपून ठेवलं होतं, म्हणून नक्कल पारखता आली.

मराठीतही हे काम मोठ्या माणसांनी केलं आहे. ज्ञानेश्वरीच्या नकलांमध्ये पाठ बिघडत गेले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताच्या असंख्य हस्तलिखितांचे पाठ ताडून चिकित्सक आवृत्ती काढली, त्याला १९१९ ते १९६६ अशी वर्षं लागली. एका ग्रंथाच्या नकला तपासायला जवळजवळ अर्धं शतक.

आपली गावं आणि आपले कागद

दासगावसारख्या गावात कागदाचं दुःख जरा जास्तच आहे. जुलै २००५ मध्ये इथे दरड कोसळली. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासाठी कागदाचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. पण नंतर तेही कळलं. जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये घरंच्या घरं पाण्यात गेली, कपाटातल्या फायली चिखलात मुरल्या. मग जो तो नकला काढू लागला. नकलेची नक्कल, तिच्यावरून तिसरी. प्रत्येक वेळी एक नवी चूक शिरायला दार उघडं.

त्यात आपली नावं तीन लिप्यांमधून प्रवास करतात. निकाहनामा उर्दूत, शाळेचा दाखला मराठीत, पासपोर्ट इंग्रजीत. जुन्या दस्तांची मोडी तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच मानत नाही. महमूदचा महंमद होतो, जुबेदाची जुवेदा होते. आपण म्हणतो, एका अक्षरानं काय बिघडतं? परदेशी जाणाऱ्या पोराला विमानतळावर, किंवा हजच्या अर्जाला बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला विचारा.

खालांचं काम सुरू झालं, तसं मला एक रुखरुख लागली. मी शाळेत इतकी वर्षं दाखले लिहिते. मी कधी मुकाबला केला होता? एका सुट्टीच्या दिवशी मी जनरल रजिस्टर आणि माझ्या हातच्या दाखल्यांच्या स्थळप्रती समोरासमोर घेऊन बसले. तिसऱ्या तासाला सापडली. रजिस्टरमध्ये एका मुलीची जन्मतारीख ९ जून होती. मी उतरवली होती १ जून. जुन्या हस्ताक्षरात ९ आणि १ सारखेच दिसतात. आणि आपल्याकडे १ जून ही तारीख इतक्या मुलांच्या नावावर असते की कुणाला संशयही येऊ नये. ती मुलगी आता कॉलेजात आहे. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवून दाखला दुरुस्त करून दिला. त्या अर्जात कोणता शब्द लिहायचा, हे आता मला ठाऊक होतं. आणि तो माझ्याच नावापुढे लिहायचा होता.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. दाखला लिहिला की एक मूल रजिस्टरमधलं अक्षर अक्षर मोठ्यानं वाचतं आणि मी दाखल्यावर बोट ठेवून पाहते. तारीख आकड्यात लिहिते, तशी अक्षरातही लिहिते आणि दोन्ही ताडते. वाचता आलं नाही तर अंदाज करत नाही, विचारते. चुकलं तर गिरवत नाही. एक रेघ मारून वर बरोबर लिहिते आणि सही करते, म्हणजे आधी काय होतं तेही दिसतं. घरीही हे करता येतं. कागद हातात पडला की खिडकीवरून हलण्यापूर्वी नाव, वडिलांचं नाव आणि तारीख वाचून घ्या. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी, शाळा सुटली की हेलपाटे. आणि जुना हस्तलिखित कागद, कितीही फाटका असो, नवा मिळाला म्हणून टाकू नका. खालांची सगळी बाजू त्या एका निळ्या शाईच्या अक्षरावर उभी होती.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वात लांब आयत आहे, आणि तिचा विषय काय, तर व्यवहार लिहून ठेवणं. कातिबनं इन्साफनं लिहावं, अल्लाहनं शिकवलं आहे तर लिहायला नकार देऊ नये, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, आणि कातिबला वा साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. लिहिणाऱ्याची जबाबदारी आणि त्याचं संरक्षण, दोन्ही एकाच ठिकाणी.

खालांच्या अर्जावर नोटिसा निघाल्या, सर्व वारसांचे जबाब झाले, कुणाची हरकत आली नाही. काही महिन्यांनी त्या नवा सातबारा घेऊन आल्या. चष्मा लावून त्यांनी स्वतःच तो वाचला. मग म्हणाल्या, “आता आईच्या नावानं फातिहा पढताना कागदपण साक्ष देईल.”

मी म्हटलं, “खाला, एकदा जुन्या कागदाशी ताडून बघू या.”

त्या हसल्या आणि पिशवीतून जुना कागद बाहेर काढला. त्यांनी तो बरोबर आणला होता.