स्कॉटिश मिशन विद्यालये, मुंबई

स्कॉटलंडमधील प्रेसबिटेरियन चर्चच्या मिशनने व त्या चर्चशी संबंधित मंडळींनी मुंबई व तिच्या उपनगरांत स्थापन केलेल्या खाजगी शाळा. गिरगावातील विल्सन हायस्कूल, गावदेवी येथील सेंट कोलंबा ही मुलींची शाळा आणि माहीम व पवई येथील बॉम्बे स्कॉटिश स्कूल या त्यांपैकी प्रमुख होत. पहिल्या दोन शाळांचा उगम १८३२ पर्यंत मागे जातो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. म्हणजे त्यापूर्वी पाव शतकापासून या शाळांतून इंग्रजी व देशी भाषांचे शिक्षण दिले जात होते. महाराष्ट्रातील आधुनिक शिक्षण, धर्मांतराचा वाद आणि स्त्रीशिक्षण या तिन्ही विषयांच्या इतिहासात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : प्रेसबिटेरियन ही ख्रिस्ती धर्मातील प्रॉटेस्टंट पंथाची एक शाखा. ‘वडील’ वा ‘ज्येष्ठ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला हे नाव मिळाले. या शाखेत बिशपचे पद नाही. धर्मोपदेशक व मंडळीने निवडलेले वडील यांच्या चढत्या क्रमाने असलेल्या सभा चर्चचा कारभार पाहतात व सर्वांत वर महासभा (जनरल असेंब्ली) असते. ही रचना ध्यानात घेतल्याशिवाय या शाळांचे नेतृत्व कसे चालत असे, याचा उलगडा होत नाही. शाळेचा प्रमुख कितीही विद्वान व वजनदार असला, तरी तो सर्वसत्ताधीश नसे. मुंबईतील सहकारी मिशनऱ्यांचे मंडळ व एडिंबरो येथील परदेशी मिशन समिती यांच्या संमतीनेच त्याला खर्चाचे व धोरणाचे निर्णय घ्यावे लागत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेनंतर मुंबईत स्कॉटिश चर्चचा धर्मोपदेशक नेमण्यात आला व १८१९ मध्ये कोट भागात सेंट अँड्रूज चर्च उभे राहिले. हे चर्च मुख्यतः शहरातील स्कॉटिश रहिवाशांसाठी होते. देशी लोकांमध्ये काम करण्यासाठी स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ पासून माणसे पाठविली. त्यांची आरंभीची केंद्रे मुंबईत नसून कोकणात, बाणकोट व हर्णै येथे होती. तेथे मराठी प्राथमिक शाळा चालविण्याचा अनुभव त्यांना मिळाला. १८२७ मध्ये आलेले रॉबर्ट नेस्बिट मराठीवरील प्रभुत्वासाठी प्रसिद्ध होते.

स्थापना : जॉन विल्सन (११ डिसेंबर १८०४–१ डिसेंबर १८७५) हे फेब्रुवारी १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले. स्कॉटलंडमधील लॉडर हे त्यांचे जन्मगाव. एडिंबरो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. आल्याबरोबर काही महिने कोकणात राहून त्यांनी मराठीचा अभ्यास केला. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत व फार्सी या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. १८३२ मध्ये त्यांनी इंग्रजी शाळा सुरू केली. ती अंब्रोली इंग्लिश स्कूल या नावाने ओळखली जाई. विल्सन हायस्कूल व विल्सन महाविद्यालय या दोहोंचे मूळ या शाळेत आहे. [⟶ विल्सन, जॉन].

या शाळेचे वेगळेपण दोन बाबतींत होते. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यास काढलेल्या शाळेत इंग्रजी माध्यमावर भर होता. विल्सन यांनी इंग्रजीबरोबरच मराठी व गुजराती यांच्या अध्ययनाचा आग्रह धरला. परक्या भाषेतून मिळालेले ज्ञान स्वभाषेत मांडता आले नाही, तर ते मूठभर लोकांपुरतेच राहील, अशी त्यांची धारणा होती. दुसरी बाब धर्मशिक्षणाची. सरकारी आश्रयाखालील एल्फिन्स्टन संस्थेत धर्मशिक्षण वर्ज्य होते; मिशनच्या शाळेत मात्र बायबलचा पाठ अभ्यासक्रमाचा भाग होता आणि तो उघडपणे शिकविला जाई. पालक हे जाणून होते. तरीही अल्प शुल्कात उत्तम इंग्रजी मिळते, म्हणून ते आपली मुले तेथे पाठवीत.

मार्गारेट विल्सन यांनी मुलींसाठी शाळा काढल्या. मुंबईत मुलींच्या शिक्षणास तेव्हा नुकताच आरंभ झाला होता. मुलींना शाळेत पाठविण्यास घरचे लोक नाखूश असत. लग्न ठरताच मुलगी शाळेतून काढली जाई. मार्गारेट यांचे १८३५ मध्ये मुंबईतच निधन झाले. त्यांच्यामागून ॲना व हे बेन या त्यांच्या बहिणींनी मुंबईस येऊन हे काम पुढे चालविले. सेंट कोलंबा ही शाळा आपला वारसा १८३२ मधील या शाळेपासून सांगते.

१८३५ मध्ये मुंबईचे मिशन स्कॉटिश मिशनरी सोसायटीकडून चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेकडे गेले व मुलांच्या शाळेला जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन हे नाव मिळाले. जे. मरे मिचेल हे १८३८ मध्ये येऊन विल्सन व नेस्बिट यांना मिळाले. विद्यार्थ्यांत हिंदू, पारशी व मुसलमान मुले होती. ॲबिसिनियातून आलेली दोन मुलेही येथे शिकली.

धर्मांतराचे खटले : मे १८३९ मध्ये शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात मोठी खळबळ उडाली. तरुणांचा ताबा मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्यात आला. आपला निर्णय स्वतः घेण्याइतके ते जाणते आहेत, असे मानून न्यायालयाने त्यांना इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली. त्याचा परिणाम शाळेला ताबडतोब भोगावा लागला. पारशी पालकांनी आपली मुले काढून घेतली, इतर समाजांतील अनेकांनी त्यांचे अनुकरण केले आणि पट एकदम घसरला. तो पूर्ववत होण्यास अनेक वर्षे लागली.

दुसरे प्रकरण १८४३ मधील. नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने त्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा होता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला. पण प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. परधर्मीयांच्या घरी राहून जेवलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीचा पक्ष घेतला व त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. [⟶ जांभेकर, बाळशास्त्री].

हे दोन निर्णय एकत्र वाचले असता एक तत्त्व स्पष्ट होते. जाणत्या विद्यार्थ्याचा धर्मविषयक निर्णय त्याचा स्वतःचा. अजाण मुलाच्या बाबतीत मात्र अधिकार पालकांचा. शाळेला विद्यार्थ्याला शिकविण्याचा अधिकार असला, तरी त्याला घरापासून तोडण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात या प्रकरणांनी ठळकपणे पुढे आणला. मिशनऱ्यांच्या दृष्टीने तो सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. ज्या घरातील मुलगा दुरावला, त्या घराच्या दृष्टीने तो विश्वासभंग होता. दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणा होता, म्हणूनच संघर्ष तीव्र झाला. एतद्देशीयांनी स्वतःच्या शिक्षणसंस्था काढाव्यात, या विचारालाही त्यामुळे जोर चढला.

१८४३ मधील फूट : त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगले. धर्मोपदेशकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा व शासनाचा हस्तक्षेप नको, असे म्हणणाऱ्यांनी बाहेर पडून फ्री चर्चची स्थापना केली. मुंबईतील मिशनरी फ्री चर्चला मिळाले. याची किंमत मोठी होती. शाळेची वास्तू व साहित्य मूळ चर्चकडे राहिले. शिक्षक व बहुतेक विद्यार्थी यांना घेऊन मिशनऱ्यांनी फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन या नावाने नव्याने आरंभ केला. या वेळी विल्सन रजेवर स्कॉटलंडला गेलेले होते व १८४७ मध्ये परतले. शेषाद्री खटला व स्थलांतर या दोन्ही प्रसंगी शाळेची धुरा नेस्बिट व मिचेल यांनी सांभाळली. संस्थापकाच्या दीर्घ अनुपस्थितीतही शाळा तगली, याचे श्रेय सामुदायिक कारभाराच्या पद्धतीला द्यावे लागेल.

विद्यार्थी : धनजीभाई नवरोजी विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले व तेथे १८४६ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. नारायण शेषाद्री यांनी पुढे जालना भागात काम केले व तेथे बेथेल ही वसाहत उभारली. मराठी गद्याच्या इतिहासात यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीमुळे स्मरणात असलेले बाबा पदमनजी हे मुंबईच्या फ्री चर्च संस्थेचे विद्यार्थी. अरुणोदय हे त्यांचे आत्मचरित्र त्या काळातील तरुणांच्या मनःस्थितीवर प्रकाश टाकते. तथापि धर्मांतर करणाऱ्यांची संख्या एकूण विद्यार्थ्यांच्या मानाने अगदी थोडी होती. बहुसंख्य विद्यार्थी ज्या धर्माचे म्हणून आले, त्याच धर्माचे म्हणून बाहेर पडले. याच मिशनच्या पुणे येथील शाळेत जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात शिकले. मिशनच्या शाळेतील शिक्षणाने धर्मांतर न घडता समाजचिकित्सेची दृष्टी मिळू शकते, याचे ते ठळक उदाहरण होय.

विस्तार : १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले. अनुदान लौकिक विषयांच्या अध्यापनाच्या दर्जावर मिळे; धर्मशिक्षणाशी सरकारी तपासणीचा संबंध नसे. यामुळे मिशन शाळांना आर्थिक आधार मिळाला, पण अभ्यासक्रम व परीक्षा यांवर शिक्षणखात्याचे व विद्यापीठाचे नियंत्रणही आले. १८६१ मध्ये संस्थेच्या वरच्या वर्गांना मुंबई विद्यापीठाची महाविद्यालय म्हणून मान्यता मिळाली. विल्सन स्वतः या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७० मध्ये ते फ्री चर्चच्या महासभेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर ड्युगल्ड मॅकिकन यांनी संस्थेचे नेतृत्व केले. तेही दोनदा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या काळात, १८८९ मध्ये, महाविद्यालय चौपाटीसमोरील नव्या वास्तूत गेले व विद्यालय गिरगावात राहिले. पांडुरंग वामन काणे, बाळ गंगाधर खेर व मोरारजी देसाई हे विल्सन महाविद्यालयाचे विद्यार्थी होत. मूळ शाळा एकच असली, तरी यापुढे विद्यालय व महाविद्यालय यांचे कार्यक्षेत्र वेगळे झाले.

बॉम्बे स्कॉटिश स्कूलचा उगम निराळा आहे. १८४७ मध्ये स्थापन झालेले हे मूळचे स्कॉटिश कुळातील निराधार मुलींसाठी असलेले अनाथालय होते. पुढे तेथे मुलांनाही प्रवेश मिळाला व संस्था माहीम येथे स्थिरावली. मिशनची शाळा एतद्देशीयांसाठी व अनाथालय स्कॉटिश मुलांसाठी, असा हा मूळ भेद. स्वातंत्र्योत्तर काळात तो उरला नाही आणि अनाथालयाचे रूपांतर सर्व समाजांतील मुलामुलींच्या नामवंत इंग्रजी शाळेत झाले. १९९७ मध्ये या संस्थेने उपनगरातील पवई येथे दुसरी शाळा काढली. गिरगाव-गावदेवी या जुन्या वस्तीतील मध्यमवर्ग विसाव्या शतकात दादर, पार्ले, बोरिवली, मुलुंड असा उत्तरेकडे सरकत गेला. पवईची शाळा ही मुंबईच्या याच उत्तरेकडील वाढीची निदर्शक आहे.

नेतृत्व व व्यवस्थापन : स्कॉटलंडमध्ये १९०० व १९२९ मध्ये चर्चचे एकीकरण होऊन १८४३ ची फूट बव्हंशी सांधली गेली. भारतात १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. प्रेसबिटेरियन मंडळ्या या एकीकरणात सामील झाल्या. विशेष असे, की बिशप न मानणाऱ्या परंपरेने वाढलेल्या मंडळ्या यामुळे बिशप असलेल्या चर्चचा भाग बनल्या. दरम्यान परदेशी मिशनऱ्यांची जागा भारतीय मुख्याध्यापक व शिक्षक यांनी घेतली होती.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाला, संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) अधिनियम, १९७७ याने शिक्षकांना सेवेची शाश्वती दिली. मात्र अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाची निवड व्यवस्थापनाकडे ठेवली. संस्थेचे वैशिष्ट्य टिकविण्याचे स्वातंत्र्य आणि विद्यार्थ्याच्या श्रद्धेचे संरक्षण, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

मूल्यमापन : ज्या हेतूने स्कॉटिश मिशनने या शाळा काढल्या, तो धर्मप्रसाराचा हेतू मर्यादित प्रमाणातच सफल झाला. परंतु इंग्रजीबरोबर मातृभाषेला दिलेले स्थान, मुलींच्या शिक्षणाचा लवकर झालेला आरंभ आणि एका वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले बसविण्याची पद्धती यांचा ठसा मुंबईच्या शैक्षणिक जीवनावर उमटला. १८३९ व १८४३ मध्ये न्यायालयापुढे आलेला विद्यार्थी, पालक व शाळा यांच्या अधिकारांचा प्रश्न पुढे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये संमतीच्या तत्त्वाने सोडविण्यात आला.