सुरुंग, भुयार आणि बोगदा

परिभाषेचा प्रश्न निघाला की नवे शब्द घडविण्याकडेच बहुधा लक्ष जाते. भाषेत आधीच रुजलेल्या शब्दांनी अर्थाची वाटणी कशी केली आहे, हा विचार मागे पडतो. भूमिगत बांधकामाचे क्षेत्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम ‘सुरुंग’ हा शब्द घेऊ. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ म्हणजे जमिनीखालची गुप्त वाट. ग्रीक भाषेतील ‘सिरिंक्स’ म्हणजे वेळूची नळी आणि पुढे भुयारी वाट. संस्कृत शब्द त्यावरूनच आला, असे प्रतिपादन ओटो स्टाइन यांनी १९२५ साली केले. मराठीत मात्र वाटेचा अर्थ लोपला. याचे कारण वेढ्याच्या युद्धतंत्रात सापडते. तटाखाली वाट खणून तीत दारू ठासावयाची व ती पेटवावयाची, ही पद्धत रूढ झाली. १६६० साली चाकणच्या किल्ल्याचा बुरूज शायिस्ताखानाच्या सैन्याने असाच उडविला. तेथे वाट आणि स्फोट ही एकाच कृतीची दोन अंगे होती. पुढे साहचर्याने नाव स्फोटालाच चिकटले. आज खडकात भोक पाडून भरलेली दारू म्हणजे सुरुंग होय. ‘भूसुरुंग’ व ‘पाणसुरुंग’ या शब्दांत तर वाटेची आठवणही उरलेली नाही.

रिकामी झालेली जागा ‘बोगदा’ या शब्दाने भरून काढली. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. डायनामाइटचे एकस्व १८६७ चे. अर्थात तेथील खडक फोडला तो साध्या दारूच्या सुरुंगांनी. सुरुंग हे साधन व बोगदा हे साध्य, असा भेद मराठीत आता पक्का आहे.

‘भुयार’ हा शब्द ‘भूमिगृह’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. गुजरातीतील ‘भोंयरुं’ त्याचे भावंड. त्यात मूळ कल्पना घराची, म्हणजे बंदिस्त जागेची आहे. बोगद्याला दोन्हीकडे तोंडे असतात. भुयाराला ती असलीच पाहिजेत असे नाही. तथापि ‘बोगदा’ या शब्दापासून विशेषण सहजी होत नाही. म्हणून भुयारी गटार, भुयारी मार्ग, भुयारी मेट्रो असे शब्दप्रयोग रूढ झाले. नामाच्या क्षेत्रात बोगद्याने आणि विशेषणाच्या क्षेत्रात भुयाराने अधिकार मिळविला.

बांधकामाच्या अंगोपांगांची नावे घरगुती अनुभवातून आली आहेत. बोगद्याच्या आतून चढविलेल्या विटांच्या वा काँक्रीटच्या थराला ‘अस्तर’ म्हणतात. हा शब्द शिंप्याचा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले आहेत. पाणी उताराने वाहते. कोंडलेल्या हवेला वाट हवी, आणि गाळ काढण्यास माणसाला उतरता आले पाहिजे. ही दोन्ही कामे उच्छ्वास करतात. अशा जुन्या नळाचे पुनरुज्जीवन करताना एखादा उच्छ्वास निरुपयोगी चौथरा समजून बुजविला, तर नळाचा श्वासच बंद होतो. येथे शब्दाचा अर्थ जाणणे हे दुरुस्तीच्या ज्ञानाचेच अंग ठरते.

परिभाषाकाराची खरी कसोटी यापुढे आहे. हिंदीत ‘सुरंग’ म्हणजे आजही बोगदा, आणि स्फोटकही. मराठी मुकादम व हिंदीभाषक मजूर एकाच बोगद्यात काम करीत असता ‘सुरंग तयार आहे’ या वाक्याचे दोन अर्थ संभवतात : वाट मोकळी आहे, किंवा दारू भरली आहे. पहिला अर्थ माणसाला पुढे नेतो, दुसरा मागे हटण्यास सांगतो. संस्कृतोद्भव म्हणून दोन्ही भाषांसाठी एकच शब्द सुचविण्याचा मोह अशा ठिकाणी आवरला पाहिजे. शब्दाचे मूळ समान असले तरी त्याचा व्यवहार समान असतोच असे नाही. आणि इशाऱ्याची पाटी लिहिताना प्रमाण मानावयाचा तो व्यवहारच.